सुकाणू जड का झाले?

बंगळुरूच्या आग्नेयेकडे जाणारा सर्जापूर रोड एकेकाळी शेते आणि तळी यांच्या मधून जाणारा शांत रस्ता होता. आज कैकोंड्रहळ्ळीचे तळे उंच इमारतींच्या सावलीत उभे आहे. दोड्डकन्नेल्लीच्या आसपास माहिती तंत्रज्ञानाची मोठी कार्यालये आहेत, आणि पुणे, नागपूर, कोल्हापूर येथून नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे येथील गृहसंकुलांत स्थिरावली आहेत. बाह्य वर्तुळाकार मार्ग जेथे या रस्त्याला छेदतो, त्या इब्लूर चौकात सकाळी मोटारी इंचाइंचाने सरकतात.

अशा रस्त्यावर स्टिअरिंगचा खरा कस लागतो. वेगात धावणाऱ्या मोटारीचे चाक सहज वळते. उभ्या किंवा रांगत्या मोटारीचे टायर मात्र जमिनीवर घासतच वळवावे लागते. त्यात खड्डे आणि पावसाचे साचलेले पाणी यांची भर पडते. रॅकच्या दोन्ही टोकांना घडीदार रबरी आवरणे असतात. त्यांतले एक फाटले, की पाणी व बारीक वाळू आत शिरते, दातेरी दांडा गंजू लागतो आणि खड्ड्यावरून जाताना पुढून खडखड ऐकू येते.

समजा, येथील एका गृहस्थांच्या आठ वर्षे वापरलेल्या मोटारीत नेमके हेच घडले. कारागिराने रॅक बदलण्याचा सल्ला दिला, भरभक्कम देयक चुकते झाले, खडखड थांबली. परंतु मोटार घरी आणताना गृहस्थांच्या ध्यानात आले, की तळघरातील वाहनतळाचे वळण घेताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो आहे. कारागिराचे उत्तर ठरलेले : “भाग नवा आहे, चालवून चालवून सैल होईल.” नवे पादत्राण वापरून सैल होते, हे खरे, परंतु नीट बसवलेली रॅक पहिल्या दिवसापासूनच सुरळीत फिरली पाहिजे. आणि गृहस्थांना दिवाळीसाठी सहाशेहून अधिक किलोमीटर दूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगावमार्गे कोल्हापूरला कुटुंबासह जायचे आहे.

येथे प्रश्न केवळ दंडाच्या श्रमाचा नाही. पुढील चाकांच्या मांडणीतील कलामुळे वळण संपताच चाके आपोआप सरळ होऊ पाहतात. यंत्रणेत कोठेतरी घर्षण वाढले, की ही परतीची ओढ अपुरी पडते. महामार्गावर मालमोटारीला ओलांडून आपल्या पट्ट्यात परतताना चक्र वळलेल्या स्थितीतच अडकून राहिले, तर चालक ते घाईने उलट फिरवतो. मोटार डोलते ती याच क्षणी.

म्हणूनच जडपणा कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम ओळखावे. मोकळ्या जागी, अगदी मंद वेगात वळण घेऊन हातांची पकड सैल करावी. हात मात्र चक्रावरून काढू नयेत. चक्र जड असूनही मध्याकडे परतत असेल, तर टायरमधील हवा कमी आहे किंवा यंत्राचे साहाय्य मिळत नाही, असा तर्क करता येतो. जड आहे आणि परततही नाही, तर काहीतरी आवळले गेले आहे. आणि एका संपूर्ण फेऱ्यात ते दोनदा जड, दोनदा हलके लागत असेल, तर संशय चक्र व रॅक यांना जोडणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर घ्यावा. रॅक काढताना हा सांधा सोडावा लागतो. तो वाकडा बसला किंवा आतून गंजलेला असला, तर नेमकी अशीच लय हाताला जाणवते.

हवेचा दाब सर्वांत आधी पाहावा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर तो बहुधा छापलेला असतो. एवढ्या साध्या कारणासाठी रॅक दुसऱ्यांदा खोलणे म्हणजे पैसा आणि दिवस दोन्ही वाया घालवणे होय.

यानंतरची परीक्षा गॅरेजमध्येच व्हावी. मोटारीचा पुढील भाग उचलून भक्कम टेकूंवर ठेवावा. केवळ जॅकच्या आधारावर ठेवलेल्या मोटारीखाली कोणीही जाऊ नये. चाके अधांतरी असताना चक्र हलके फिरले, तर दोष टायर किंवा चाकांच्या जुळणीकडे असण्याची शक्यता अधिक. तरीही जड असेल, तर चाकांना जोडणारी टायरॉडची टोके सोडवावीत आणि प्रत्येक चाक हाताने वळवून पाहावे. चाकच अडत असेल, तर खालचा बॉल जॉइंट किंवा शॉकअपच्या वरचे बेअरिंग दोषी असते, आणि बिचारी रॅक निर्दोष. चाके मोकळी असतील, तर वरचा दांडाही सोडवावा व रॅक स्वतंत्रपणे तपासावी. संशयाचे क्षेत्र असे अर्ध्याअर्ध्याने कमी होत जाते. ‘बदलून बघू’ या पद्धतीत ते केवळ ग्राहकाच्या खर्चाने हलते.

दोष नव्या रॅकमध्येच निघाला, तर बहुधा एका छोट्या नटाकडे बोट जाते. चक्राच्या दांड्याच्या टोकाला पिनियन नावाचे लहान दातेचाक असते आणि ते रॅकच्या दातेरी दांड्याला डावी-उजवीकडे सरकवते. हा दांडा दातेचाकाला टेकून राहावा, म्हणून पाठीमागून स्प्रिंगवर बसवलेला एक गट्टू त्याला दाबून धरतो. त्या स्प्रिंगचा ताण ठरवणारा नट सैल राहिला तर खडखड होते. अधिक आवळला तर रॅक जड होते आणि चक्र परतत नाही. खडखडीची तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाला खूष करण्यासाठी हा नट जरा जास्तच पिळण्याचा मोह कारागिरास होतो. दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या जुन्या रॅकमध्येही हा ताण चुकलेला असू शकतो. निर्मात्याच्या पुस्तिकेत तो किती आवळावा व त्यानंतर किती अंश मागे फिरवावा, हे दिलेले असते. तेथे अंदाजाला वाव नाही. ताण फार सैल सोडणेही तितकेच घातक.

रॅक स्वभावतः जड नसते, याचा पुरावा एका संपूर्ण पिढीच्या आठवणीत आहे. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० रॅक-पिनियनवरच वळत असे. सर्वसाधारण गाडीत पंप नाही, मोटर नाही. तरी साडेसहाशे किलोंच्या आसपासची ती गाडी गृहिणींनी आणि आजोबांनी सहज हाकली. वजनदार गाड्यांसाठी मात्र साहाय्य आवश्यक ठरले. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये तेलदाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग विक्रीच्या मोटारीत आणले आणि १९८८ मध्ये जपानच्या सुझुकीने सर्व्हो या छोट्या मोटारीत विजेवर चालणारे साहाय्य दिले.

तेलदाबाच्या व्यवस्थेत रॅक बदलताना नळ्या सुटतात व तेलात हवा शिरते. टाकीत फेस दिसणे आणि वळवताना पंपाचा गुरगुराट होणे, ही त्याची खूण. चाके अधांतरी ठेवून, इंजिन बंद असताना चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश अनेकदा फिरवावे, टाकीतील तेलाची पातळी राखावी आणि बुडबुडे थांबल्यावर इंजिन सुरू करून तीच क्रिया पुन्हा करावी. चक्र टोकाशी दाबून धरू नये. पंपावर विनाकारण ताण येतो. जुन्या तेलात धातूचा कीस असेल, तर टाकी व नळ्या धुतल्याविना नवी रॅक जोडणे धोक्याचे. पट्टा सैल असला तरी साहाय्य कमी पडते.

आपल्याकडील अनेक लहान मोटारींत विजेची मोटर रॅकवर नसून चक्राखालच्या दांड्यावर असते. तेथे तेल नाही, हवा नाही. इंजिन सुरू असताना व बंद असताना चक्र सारखेच जड लागले, किंवा समोरचा स्टिअरिंगचा दिवा विझत नसेल, तर फ्यूज, जोडण्या, बॅटरी आणि संवेदकाचा शून्यबिंदू संगणकीय उपकरणाने तपासून घ्यावा. रॅक सोडताना चक्र मोकळे फिरू दिल्यास त्यामागील हवापिशवीची गुंडाळी तार तुटू शकते. काम करण्यापूर्वी चक्र बांधून ठेवणे म्हणूनच अनिवार्य.

खर्चाविषयी एवढेच. साध्या झिजेची भरपाई वाहन विम्यातून सहसा मिळत नाही. जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या बाजारातून रॅक आणली असो वा अधिकृत केंद्रातून, ती नवी की दुरुस्त केलेली, तिचा क्रमांक आणि हमीचा काळ देयकावर लिहून घ्यावा. काम सदोष असूनही दाद मिळाली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते.

शेवटी चाकांची जुळणी करून घ्यावी आणि रविवारी पहाटे, वर्दळ सुरू होण्यापूर्वी, दोम्मसंद्राच्या दिशेने एक फेरी मारावी. डावे वळण, उजवे वळण, आणि प्रत्येक वेळी चक्र हाताखालून आपसूक सरकत मध्यावर आले, तर कोल्हापूरच्या घरी निघण्याची तारीख कळवायला हरकत नाही.