रिकामी खोली म्हणजे काय? : शिकागोतील शाळाबंदीचा वाद

अमेरिकेतील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या संज्ञेचा ‘शैक्षणिक जिल्हा’ असा अनुवाद केला, तर भारतीय वाचकाच्या मनात महसुली जिल्ह्याची कल्पना उभी राहण्याचा संभव आहे. वस्तुतः शाळा चालविण्यापुरतीच अधिकारकक्षा असलेली ही स्थानिक संस्था होय. तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग मालमत्ताकरातून येतो व तिचा कारभार शिक्षणमंडळ पाहते. बहुतेक ठिकाणी हे मंडळ मतदारांनी निवडलेले असते. शिकागो शहरात मात्र १९९५ पासून जवळजवळ तीन दशके मंडळाच्या सर्व सदस्यांची नेमणूक महापौर करीत असत. ज्या मंडळाला पालक मतपेटीतून जाब विचारू शकत नव्हते, त्याच मंडळाने २२ मे २०१३ रोजी आठवीपर्यंतच्या ४९ शाळा आणि एक माध्यमिक विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. या वादाला जी धार आली, तिचे एक कारण येथे सापडते.

प्रशासनाची बाजू अशी : अंदाजपत्रकात सुमारे १ अब्ज डॉलरची तूट आहे, शहराच्या दक्षिण व पश्चिम भागांतील लोकवस्ती घटली आहे, अर्ध्या रिकाम्या इमारतींच्या देखभालीवर खर्च होणारा पैसा मुलांपर्यंत पोहोचत नाही. शाळा एकत्र केल्यास नव्या शाळेत ग्रंथालय, वातानुकूलन आदी सुविधा सर्वांना देता येतील. हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नव्हता. पालकांनीही त्याचा प्रतिवाद केवळ भावनेने केला नाही. त्यांनी प्रथम हरकत घेतली ती ‘रिकामी’ या शब्दाला.

शाळा रिकामी ठरविण्याचे सूत्र वरकरणी साधे होते. इमारतीतील सुमारे तीन-चतुर्थांश खोल्या नियमित वर्गांच्या समजावयाच्या, प्रत्येक खोलीत ३० मुले हे आदर्श प्रमाण मानावयाचे आणि त्या गुणाकाराशी शाळेचा पट ताडून पाहावयाचा. पट ८० टक्क्यांहून कमी असेल तर शाळेचा पुरेसा वापर होत नाही, १२० टक्क्यांहून अधिक असेल तर शाळेत गर्दी आहे, असा निष्कर्ष निघे. या गणिताचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. ४० खोल्यांच्या इमारतीत नियमित वर्गांच्या ३० खोल्या धरल्या, तर तिची क्षमता ९०० ठरते. त्या तीसही खोल्यांत प्रत्येकी २३ मुले रोज शिकत असली, तरी ही शाळा अपुऱ्या वापराची ठरते. उलट प्रत्येक खोलीत ३६ मुले दाटीने बसविली, तरी तिच्यात गर्दी झाली असे सूत्र म्हणत नाही. पालक ज्याला सुदैव मानतील, त्यालाच हिशेबात अपव्यय म्हटले गेले. विशेष गरजा असलेल्या मुलांचे वर्ग तर लहानच ठेवावे लागतात. अशा मुलांची संख्या जेथे मोठी, ती शाळा या मापाने अधिकच रिकामी भासे.

पैशाच्या विनियोगासंबंधीचा आक्षेपही याच स्वरूपाचा होता. जुन्या शाळा बंद होत असताना खाजगी संचालनाखालील, परंतु सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या नव्या ‘चार्टर’ शाळा उघडत होत्या. शिवाय शहराने ठरविलेल्या विकासक्षेत्रांत मालमत्ताकराच्या उत्पन्नात होणारी वाढ शाळांकडे न जाता विकासनिधीत जमा होत असे. तेव्हा तूट ही आपोआप उद्भवलेली आपत्ती नसून अग्रक्रमांचा परिणाम आहे, असे विरोधकांचे प्रतिपादन होते.

तथापि या वादाचे मूळ अधिक जुने आहे. १९६० च्या सुमारास याच कृष्णवर्णीय वस्त्यांतील शाळा मुलांनी ओसंडून वाहत होत्या. शेजारच्या गोऱ्या वस्त्यांतील शाळांत मुलांना प्रवेश देण्याऐवजी तत्कालीन शिक्षणप्रमुख बेंजामिन विलिस यांनी आवारांत फिरत्या खोल्या उभ्या केल्या. लोकांनी त्यांना ‘विलिस वॅगन’ असे उपरोधिक नाव दिले. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला. पुढे त्या परिसरातील सार्वजनिक गृहसंकुले पाडण्यात आली. रॉबर्ट टेलर होम्स या संकुलातील सोळा मजल्यांच्या २८ इमारतींपैकी शेवटची २००७ मध्ये जमीनदोस्त झाली. घरे गेली, म्हणून मुले गेली. आणि मुले गेली, म्हणून शाळा अनावश्यक ठरली. या साखळीतील शेवटचा दुवा तेवढा अंदाजपत्रकात दिसतो. पालकांच्या स्मरणात मात्र सगळी साखळी होती.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना या प्रकरणात विशेष रस वाटावा तो येथे. जाहीर सुनावण्यांत दोन भाषा समोरासमोर आल्या. प्रशासनाची भाषा क्षमता, टक्केवारी व बचत यांची; पालकांची भाषा निवेदनाची — याच वर्गात आई शिकली, या शिक्षिकेने दोन पिढ्या घडविल्या, नव्या शाळेच्या वाटेवर टोळ्यांची हद्द ओलांडावी लागते. कवयित्री व समाजशास्त्रज्ञ ईव्ह ईविंग यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘घोस्ट्स इन द स्कूलयार्ड’ या ग्रंथात अशा साक्षींचे विवेचन केले असून, संस्था नष्ट होताना समूहाला होणाऱ्या दुःखाला त्यांनी शोकाचाच एक प्रकार मानले आहे. या साक्षींना कैफियतीचे स्वरूप आहे : त्या शोक करतात, तसाच हक्कही सांगतात.

निर्णयाचे फलित काय? शिकागो विद्यापीठाच्या शालेय संशोधन केंद्राने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले, की बंद झालेल्या शाळांतील मुलांचे गुण बंदीच्या घोषणेच्या वर्षीच घसरले. वाचनातील घसरण अल्पकालीन ठरली, गणितातील दीर्घकाळ टिकली. दक्षिण भागातील डायट ही माध्यमिक शाळा वाचविण्यासाठी २०१५ मध्ये पालक व कार्यकर्त्यांनी ३४ दिवस उपोषण केले. ती शाळा २०१६ मध्ये कलाप्रधान शाळा म्हणून पुन्हा उघडली. २०२१ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा करून शिकागोला निवडून येणारे शिक्षणमंडळ दिले व २०२५ च्या प्रारंभापर्यंत शाळाबंदीला स्थगिती दिली. मंडळाची पहिली निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली.

मुले घटली, की काही इमारतींचा फेरविचार अटळ होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु खोली रिकामी केव्हा म्हणावयाची, हे ठरविणारे माप हाही एक निर्णयच असतो, आणि तो आकडेमोडीच्या पूर्वी घेतलेला असतो. शिकागोतील पालकांनी सुनावणीत मागितलेला वाटा प्रामुख्याने त्या आधीच्या निर्णयात होता.