संगणकाच्या स्मृतींतील ओळी

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, पेढीवरील चोपडीच्या एकाच पानावर दोन कारकुनांचे हिशेब आहेत. हिशेब सर्वस्वीं निराळे; पण पान एक. एक लिहूं लागला कीं दुसऱ्यानें हात आवरावा आणि मग पान आपल्याकडे ओढावें! काम थोडें, ओढाताण फार. संगणकाच्या स्मृतींतहि असाच प्रसंग उद्भवतो.

मुख्य स्मृति प्रोसेसरापेक्षां फार मंद असते. म्हणून प्रोसेसर तिच्यांतील मजकुराची नक्कल आपल्याजवळच्या लहानशा जलद स्मृतींत, म्हणजे कॅशेमध्यें, ठेवतो. ही नक्कल एकेका बाइटाची होत नाहीं. सबंध ओळीची होते. इंटेल व एएमडी यांच्या आजच्या प्रोसेसरांत ही ओळ ६४ बाइटांची असते. एका प्रोसेसरानें तींतील एक बाइट बदलला, तरी इतरांजवळच्या त्या सबंध ओळीच्या नकला बाद ठरतात.

यंत्राचा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीस कर्नल म्हणतात. लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं १९९१ मध्यें आरंभिलेल्या लिनक्सचा कर्नल चालतां चालतां लागेल तशी जागा 'के-मॅलॉक' या साधनाकडून घेतो. या साधनास मुख्यतः आकार सांगावयाचा असतो. नोंदीचा प्रकार त्यास ठाऊक नसतो. ९६ बाइटांच्या नोंदी मागितल्या, तर पहिली ० ते ९५ व दुसरी ९६ ते १९१ अशी बसूं शकते. म्हणजे ६४ ते १२७ या ओळींत दोघींची भागीदारी झाली! निरनिराळे प्रोसेसर त्यांवर लिहूं लागले कीं कारकुनांचें भांडण सुरू.

याचा उपाय १९९४ मध्यें सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेफ बॉनविक यांनीं वर्णिलेल्या 'स्लॅब' पद्धतींतून आला. एका जातीच्या नोंदींसाठीं स्वतंत्र कोठार मागावें, व प्रत्येक नोंदीचा पत्ता ६४ नें निःशेष भागला जावा अशी अट घालावी. मग प्रत्येक नोंद १२८ बाइट अडविते व ३२ रिकामे राहतात. हजार नोंदींमागें ३२,००० बाइटांचा हा खर्च! म्हणून जेथें अनेक प्रोसेसर वारंवार लिहितात, तेथेंच तो करावा. कर्नलहि काटकसर करतो: 'ओळीशीं जुळवा' एवढीच खूण केली आणि नोंद २० बाइटांची असली, तर तो एका ओळींत दोन नोंदी बसवितो. स्वतंत्र ओळच हवी असल्यास ६४ चा आंकडा स्पष्ट सांगावा लागतो.

येथवर प्रश्न वेगाचा होता. कांहीं यंत्रांत मात्र तो खरेपणाचा होतो. तेथें बाहेरील उपकरण मुख्य स्मृतींत परस्पर मजकूर लिहितें आणि कॅशेस त्याची वार्ताहि नसते. त्याच ओळींत शेजारची एकादी संख्या प्रोसेसरानें बदललेली असली, तर पुढें ती जुनी ओळ स्मृतींत परत लिहिली जाते व उपकरणानें आणलेला मजकूर पुसून जातो. वेग गेला तर वेळ जातो. मजकूर गेला तर तो परत येत नाहीं. सोडलेले ते थोडे बाइट म्हणूनच वायां गेले असें म्हणतां येत नाहीं.