जुनी जीप विकताना
राजेश्वरहून जीप हायवेने जवळच्या उमरग्याला विकली, तरी ती कर्नाटकातून महाराष्ट्रात जाते. म्हणून आधी आपल्या आरटीओकडून फॉर्म २८ची एनओसी काढावी. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०.

नव्या रंगाला भुलू नये. चासीवर ठोकलेला नंबर रॉकेलच्या बोळ्याने स्वच्छ पुसून आरसीशी ताडून पाहावा. जुन्या महिंद्रा जीपचे पेट्रोल इंजिन काढून अनेकांनी डिझेल बसवले. त्याची आरसीत नोंद नसेल तर व्यवहार अडतो. मूळ इंजिन शाबूत असेल, तर माझ्या मते खरी किंमत त्याचीच.

पन्नाशी उलटलेल्या, मुळाबरहुकूम गाडीला २०२१च्या नियमांनुसार २०,००० रुपयांत व्हिंटेज नोंदणी मिळते. मात्र मग ती रोज शेतावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. घेणाऱ्याला हे आधीच सांगावे.