नर्मदाचे विद्यापीठ आणि दुसऱ्यांदा आलेला विद्यार्थी

जून उजाडला की महाविद्यालयांच्या दाराशी रांगा लागतात आणि वर्तमानपत्रांचे रकाने टक्केवारीने भरून जातात. या गर्दीत चाळिशीकडे झुकलेला एखादा गृहस्थ किंवा दोन लेकरांची आई उभी असते, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेलेच तर, 'मुलाचा अर्ज आणलात काय?' असे विचारले जाते. अर्ज आपलाच आहे, हे सांगताना त्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. हा आवाज खाली का यावा, असा आमचा प्रश्न आहे; आणि तो सुरतेत विचारणे विशेष उचित आहे.

सुरतेच्या विद्यापीठाची स्थापना १९६७ ची. २००४ मध्ये त्यास वीर नर्मदाचे नाव देण्यात आले. हा कवी १८३३ साली सुरतेत जन्मला, १८५० मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाला आणि प्रपंचाच्या ओढीने लवकरच घरी परतला. १८५२ मध्ये तापीपलीकडील रांदेरच्या शाळेत तो मास्तर झाला. पुढे पत्नी निवर्तली. मग १८५४ मध्ये हा विधुर मास्तर पुन्हा त्याच महाविद्यालयाच्या बाकावर जाऊन बसला! १८५६ मध्ये त्याने महाविद्यालय पुन्हा सोडले ते कायमचेच. ज्याचे नाव पदवीपत्राच्या माथ्यावर छापले जाते, तो स्वतः शिक्षण अर्ध्यावर सोडून परत आलेला विद्यार्थी होता, ही गोष्ट विद्यापीठाच्या चालकांनी वर्षातून एकदा तरी आठवावी.

आज सुरतेत असा परतणारा विद्यार्थी कोण असतो? आमच्या मराठी वाचकांना तो परका नाही. तापी खोऱ्यातील लोहमार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या या शहरात येत राहिली. लिंबायत, उधना, डिंडोलीच्या वस्त्यांत ती स्थिरावली. घरात अहिराणी, पालिकेच्या शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी आणि बाजारात गुजराती, अशा चार भाषांच्या कात्रीत वाढलेले मूल सातवी-आठवीनंतर यंत्रमागावर गेले, तर त्याला बुद्धी नव्हती असे कोण म्हणेल? पंधरा-वीस वर्षांनी मुले मोठी झाली, डोक्यावर पक्के छप्पर आले, की राहून गेलेले शिक्षण मनात पुन्हा जागे होते. साडीवर खडे-टिकल्या लावून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या गृहिणीचीही कथा निराळी नाही.

बाहेरून शाळांत परीक्षा देऊन अशी व्यक्ती महाविद्यालयात पोहोचली, तरी खरी कसोटी पहिल्या महिन्यात लागते. फळ्यावरची गुजराती ओळखीची वाटते. पण शिरोरेषा नाही, आणि क, ख, ज, ब अशी काही अक्षरे वेगळीच वळणे घेऊन बसलेली. प्राध्यापक पुढच्या वाक्यावर गेलेले असतात आणि इकडे मागचा शब्द जुळत नाही. शेजारचा अठरा वर्षांचा मुलगा आदराने 'काका' म्हणतो, आणि त्या आदरानेच बाकावर हातभर अंतर पडते. हे अंतर कमी व्हावयास वेळ लागतो, पण ते कमी होते. एखाद्या दिवशी मुलगा वही पुढे सरकवतो, काका त्याला हिशेबाचा व्यवहार समजावून सांगतात, आणि पुढे परीक्षेच्या आदल्या रात्री दोघे एकाच चिंतेत असतात. प्रौढाला वयाची लाज बाधते ती पहिले काही दिवस. घड्याळाची अडचण मात्र वर्षभर बाधते.

मागावरची पाळी बारा तासांची. तीही दिवसाची आणि रात्रीची अशी बदलणारी. एका पंधरवड्यात सकाळचा वर्ग साधला, तर दुसऱ्या पंधरवड्यात तो बुडालाच. हजेरीच्या नियमाला याचे कारण कळत नाही. मुक्त विद्यापीठांनी ही कोंडी काही अंशी फोडली, हे मान्य केलेच पाहिजे. १९८५ मध्ये दिल्लीला, १९८९ मध्ये नाशिकला आणि १९९४ मध्ये अहमदाबादला अशी विद्यापीठे निघाली. नाशिकच्या विद्यापीठाने तर शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला. परंतु टपालाने किंवा पडद्यावर आलेला धडा म्हणजे वर्ग नव्हे. शंका विचारण्यासाठी समोर माणूस लागतो, आणि आपल्यासारखाच चुकणारा शेजारीही लागतो.

प्रौढांना वर्गात बसविण्याची परंपरा या किनाऱ्याला नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले, तेव्हा देवरुखच्या जोशी घराण्यातील विधवा गोदूबाई तेथे विद्यार्थिनी झाल्या. त्या वेळी त्यांनी विशी ओलांडली होती. पुढे याच बाया कर्वे. त्यांची भगिनी पार्वतीबाई आठवले इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या त्या १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिशीच्या सुमारास! आणि सुरतेतच १९०७ मध्ये शिवगौरी गज्जर व बाजीगौरी मुनशी या दोघी विधवांनी वनिता विश्राम स्थापून इतर विधवांच्या हाती पाटी-पुस्तक दिले. त्या काळी विधवेने घराबाहेर पडून शिकणे म्हणजे काय होते, हे सांगावयास नकोच. त्या मानाने आजची अडचण वेळापत्रकाची आहे, आणि वेळापत्रक माणसेच आखतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षण मध्येच सोडून पुन्हा परतण्याची मुभा दिली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि मिळविलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहतात. कल्पना उत्तम आहे. पण जमा असलेले श्रेयांक घेऊन परतणाऱ्याला पाळी सुटल्यावर उघडा वर्ग सापडला नाही, तर ते जमाखर्चातच पडून राहतील. म्हणून आमची मागणी साधी आहे: उधना-लिंबायतच्या बाजूस निदान एका महाविद्यालयाने तोच धडा सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा शिकवावा, दोहोंपैकी कोणतीही हजेरी ग्राह्य धरावी, आणि पहिल्या महिन्यात गुजराती लिपीचा एक छोटा वर्ग चालवावा. मागमालकांनीही परीक्षेच्या आठवड्यात कामगाराची पाळी बदलून द्यावी. त्यांच्या खात्यावर याचा खर्च फारसा पडणार नाही.