धान्याच्या कोठाराशेजारी

बॉस्टन शहराच्या ऐन मध्यावर, ट्रेमाँट रस्त्याला लागून, उंच इमारतींच्या बेचक्यात एक जुने दफनस्थान आहे. नाव ‘ग्रॅनरी’, म्हणजे धान्याचे कोठार! शेजारी आज जिथे पार्क स्ट्रीट चर्च उभे आहे, तिथे एके काळी गावाचे कोठार होते. कोठार गेले, नाव राहिले. १६६० साली सुरू झालेल्या या जागेत शिळा आहेत सुमारे तेवीसशे, आणि खाली माणसे पाच हजारांच्या घरात असावीत, असा अंदाज आहे. आपल्या चाळींनाही लाजवील अशी ही दाटी.

माझा भाचा तिकडे नोकरीला असतो. “मावशी, अर्ध्या तासात होईल पाहून,” असे तो म्हणाला होता. मला सारी दुपार पुरली नाही.

शिळा पाटीच्या काळ्या दगडाच्या, पातळ, आणि बहुतेकांवर पंख फुटलेली कवटी कोरलेली. त्या कशा कवायतीच्या रांगेत उभ्या आहेत! पण ही शिस्त मागाहूनची आहे. एकोणिसाव्या शतकात लोकांना नीटनेटकेपणाची हौस आली, पुढे गवत कापण्याची यंत्रे आली, आणि त्यांच्या सोयीसाठी शिळा उचलून ओळीत रोवल्या गेल्या. तेव्हा नाव एकीकडे आणि नावाचा धनी दुसरीकडे, असे कितींचे झाले असेल कोण जाणे.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी तिघे इथे आहेत: सॅम्युअल ॲडम्स, जॉन हँकॉक आणि रॉबर्ट ट्रीट पेन. यांतला ॲडम्स म्हणजे चळवळीचा खरा सूत्रधार. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, त्यामागे याचीच मंडळी. तो चहा होता ईस्ट इंडिया कंपनीचा. होय, आपलीच ती कंपनी! त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह करून त्यांना घरात घेतले. आणि एप्रिलमध्ये बॉस्टनजवळ इंग्रजांना घराबाहेर काढण्याच्या लढाईला तोंड लागले. त्या लढाईच्या आदल्या रात्री, इंग्रज फौज निघाल्याची खबर घेऊन घोड्यावरून दौडलेला चांदीकाम करणारा पॉल रिव्हिअर, तोही इथेच आहे.

पण माझा पाय अडला तो ॲडम्सच्या जवळच्या एका सामाईक थडग्यापाशी. ५ मार्च १७७० रोजी इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्यांत पाच माणसे गेली. त्यांतला क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकी आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या रक्ताचा खलाशी. गंमत अशी, की त्या शिपायांचे वकीलपत्र घेतले ते जॉन ॲडम्सने, म्हणजे सॅम्युअलच्याच भाऊबंदाने, जो पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. आठांपैकी सहा शिपाई त्याने निर्दोष सोडवले. त्या थडग्यात सहावे नाव आहे एका मुलाचे: क्रिस्टोफर सायडर, वय अकराच्या आसपास. गोळीबाराच्या अकरा दिवस आधी, जकात खात्याच्या एका माणसाच्या घरावर दगड फेकणाऱ्या गर्दीत तो होता. आतून बंदूक उडाली. त्याच्या अंत्ययात्रेला दोन हजार लोक लोटले म्हणतात. राजकारणाला तेव्हा एका प्रेतयात्रेची गरज होती, हे मान्य; पण त्याच्या आईला त्याचे काय?

जेम्स ओटिस इथे आहे. इंग्रजांच्या झडत्यांविरुद्ध १७६१ साली गाजलेले भाषण करणारा हा बुद्धिमान वकील. डोक्यावर मार बसला, मनाचा तोल गेला आणि १७८३ साली दारात उभा असता वीज पडून गेला. न्यायाधीश सॅम्युअल स्यूअलही इथेच. १६९२ साली सेलमला चेटकिणीच्या आरोपाखाली एकोणीस जणांना फाशी देणाऱ्या न्यायासनावर तो होता. पाच वर्षांनी भर चर्चमध्ये तो उभा राहिला आणि आपल्या अपराधाची कबुली त्याने सर्वांसमक्ष वाचवून घेतली. १७०० साली त्याने गुलामगिरीविरुद्ध पत्रकही काढले. मला विचाराल तर या आवारातला सर्वांत धीट माणूस तोच. बाकीचे राजाशी लढले, हा स्वतःशी.

त्याचे पत्रक बॉस्टनने मनावर घेतले नाही. जाहीरनाम्यावर सर्वांत मोठी सही ठोकणाऱ्या हँकॉकच्या घरीही गुलाम होते. त्याचा उंच स्तंभ नंतर सरकारने उभारला. त्यावर त्याचा चेहरा कोरला आहे. त्याच्याजवळच गुडघ्याएवढी एक शिळा आहे. ‘जॉन हँकॉक यांचा नोकर फ्रँक’ एवढीच तिच्यावर ओळख, आणि २३ जानेवारी १७७१ ही मृत्यूची तारीख. गुलामालाही तेव्हा नोकरच म्हणायचा रिवाज होता. फ्रँक त्यांपैकीच असावा असे मानतात. त्याला आडनाव नाही. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने गुलामगिरी बेकायदा ठरवली ती १७८३ साली, म्हणजे फ्रँक गेल्यानंतर बारा वर्षांनी.

रिव्हिअरच्या थडग्यावर लोक नाणी ठेवून जातात. फ्रँकच्या शिळेपाशी त्या दुपारी सुकलेली पाने होती. भाच्याने ती हाताने बाजूला केली आणि अक्षरे मला वाचून दाखवली.