बॅटरी सांगून जाते

खापरखेड्याहून एक वाचक विचारतात: 'औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालो. गेल्या वर्षी पेसमेकर बसवला. आता कसलाच त्रास नाही, तरी तपासणीला नागपूरला का जात राहायचं? आणि जुन्या सहकाऱ्यांना भेटायला प्लांटमध्ये गेलं तर चालेल का?' वीज बनवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हे विचारलं याचं मला विशेष वाटलं. बॅटरीवरचा पेसमेकर जन्मला तोच मुळी वीज गेल्यामुळे.

३१ ऑक्टोबर १९५७. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये वीज गेली. तेव्हाचा पेसमेकर म्हणजे भिंतीतल्या प्लगवर चालणारं खोकं. विद्यापीठाच्या रुग्णालयात हृदयाचं ऑपरेशन झालेली लहान मुलं अशा खोक्यांच्या आधाराने होती. त्या अंधारात एक मूल दगावलं, असं अर्ल बॅकन सांगत. बॅकन रुग्णालयांची यंत्रं दुरुस्त करायचे. शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांनी त्यांना बॅटरीवर चालणारं काहीतरी बनवायला सांगितलं. बॅकनना एका मासिकात पाहिलेलं मेट्रोनोमचं सर्किट आठवलं. मेट्रोनोम म्हणजे रियाजाला टक-टक लय धरून देणारं यंत्र! काही आठवड्यांतच हातात मावणारा पेसमेकर तयार झाला.

पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांत बंद पडला. तरीही लार्सन ८६ वर्षांचे होऊन २००१ मध्ये गेले, तोवर त्यांनी २६ यंत्रं वापरली होती. वेळेवर तपासणं आणि वेळेवर बदलणं, यावरच ती ४३ वर्षं उभी होती.

आजचा पेसमेकर १०-२० मायक्रोवॉटवर चालतो. खापरखेड्याच्या एकट्या ५०० मेगावॉटच्या संचावर, २० मायक्रोवॉटच्या हिशेबाने, असे २५ लाख कोटी पेसमेकर चालतील. पण प्रत्येकाकडे असते ती एक चिमुकली बॅटरी, आणि ती जपून वापरायची असते.

तपासणीत नेमकं हेच होतं. तंत्रज्ञ छातीवर एक छोटं यंत्र ठेवतो आणि व्होल्टेज पायरीपायरीने उतरवतो: दोन, दीड, एक, पाऊण. पडद्यावर पेसमेकरची उभी रेघ उमटते, पण तिच्या मागोमाग ठोका येत नाही. ज्या सर्वांत कमी व्होल्टेजला ठोका येत होता, ती हृदयाची सीमा. व्होल्टेज लगेच वर जातं आणि साधारण या सीमेच्या दुप्पट ठेवलं जातं. जास्त ठेवलं तर बॅटरी लवकर संपते, कमी ठेवलं तर ठोका हुकण्याची भीती. शिवाय ही सीमा हलती असते: नव्या वायरच्या टोकाशी सूज येते, तेव्हा पहिले काही आठवडे ती वर जाते आणि मग खाली स्थिरावते. म्हणून दोन-तीन महिन्यांनंतरची तपासणी चुकवू नये. पुढे सहा महिने ते वर्षाने, डॉक्टर सांगतील तसं.

आता प्लांटबद्दल. पेसमेकर ठोका देतो, तसा ऐकतोही. हृदयाकडून येणारा काही मिलिव्होल्टचा संदेश ऐकू आला, की तो गप्प बसतो. जनरेटर, स्विचयार्ड किंवा वेल्डिंगच्या अगदी जवळ गेलं, तर तिथल्या विजेचा गोंगाट त्याला हृदयाचाच आवाज वाटू शकतो आणि गरज असतानाही तो गप्प राहू शकतो. रस्त्याने जाण्यात, कॉलनीत किंवा कँटीनमध्ये बसण्यात काही धोका नाही. आत यंत्रांजवळ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. असा गोंगाट कधी झालाच, तर पेसमेकर त्याची नोंद ठेवू शकतो आणि ती तपासणीत वाचता येते.

घरबसल्या माहिती पाठवणारे पेसमेकर आले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण जखमेवरची लाली त्यांना दिसत नाही. चक्कर आली, शुद्ध हरपली, जखम सुजली, तर तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा.

मिनिआपोलिसची वीज न सांगता गेली. पेसमेकरची बॅटरी मात्र साधारण तीन महिने आधी सांगते, की आता बदला. पण सांगते ती तपासणीच्या यंत्राला. तुम्हाला त्या दिवशीही ठणठणीतच वाटत असेल. म्हणून कार्डावरची पुढची तारीख पाळा.