मुंबई हाय : खडकाचा स्वभाव आणि माणसाची घाई

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्राच्या तळाखाली तेलाचे सरोवर पसरले आहे, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींतही आढळते. सरोवर तेथे नाही. आहे तो चुनखडक, आणि त्याच्या बारीक छिद्रांत मुरून राहिलेले तेल. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. सरोवर उपसता येते. खडकाकडून मात्र त्याच्या कलाने घ्यावे लागते.

सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून विलग झाला. पुढे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास सह्याद्रीचा काळा पाषाण घडविणारे लाव्हारस वाहिले आणि त्यापाठोपाठ सेशेल्सचा भूखंडही दूर सरकला. या ताणाने पश्चिम किनाऱ्यालगतचे भूकवच चिरफाळले. भ्रंशरेषांवर काही ठोकळे खचले, काही उंच राहिले. मुंबई हाय हा असा उंच राहिलेला भाग. नावातील ‘हाय’ तो हाच. शेजारच्या खोलगट भागात सेंद्रिय द्रव्ययुक्त गाळ साठला, दडपला गेला, तापला आणि त्यातून तेल निपजले. हलके असल्यामुळे ते उंचवट्याकडे सरकत आले. तेथे मायोसीन काळातील उथळ समुद्रात चुनखडक तयार झाला होता आणि त्यावर शेलचे झाकण बसले होते. यांपैकी एक जरी गोष्ट चुकली असती, तरी फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’च्या वाट्याला कोरडी विहीर आली असती.

मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आयातीचा बोजा हलका करण्याच्या निकडीपोटी ऐंशीच्या दशकात ते झपाट्याने वाढविण्यात आले आणि दशकाअखेरीस वर्षाला सुमारे २ कोटी टनांवर पोहोचले. निकड खोटी नव्हती. परकीय चलनाची चणचण सर्वांना ठाऊक होती. परंतु चुनखडकाचे थर एकजिनसी नसतात. अतिउपशाने आतील दाब घटतो, पाणी व वायू मोकळ्या वाटांनी विहिरीत शिरतात आणि घट्ट थरांतील तेल मागेच अडकून पडते. नव्वदीच्या प्रारंभी उत्पादन घसरले, त्यामागे ही घाई हे एक प्रमुख कारण होते. हजारो शतकांच्या साठवणीचा हिशेब पंचवार्षिक योजनेच्या वहीत मांडला गेला, असेच म्हणावे लागते. पुढे २००० नंतर पुनर्विकासाची कामे हाती घेऊन, आडव्या विहिरी खोदून, मागे राहिलेल्या तेलाचा माग काढावा लागला.

हा शोध चुनखडकापाशीच थांबलेला नाही. त्याच्याही खाली, पायाच्या कातळात पडलेल्या भेगांतून तेल मिळाले आहे. आणि त्या कातळाचा काही भाग सह्याद्रीच्या कड्यांत दिसणाऱ्या बेसाल्टचाच आहे.